गेट बंद होणार होतं

विद्याविहार आणि घाटकोपर या दोन स्थानकांच्या मधे रेल्वेच्या भिंतीला एक भगदाड होते. ते दर दोन वर्षांनी बुजवले जायचे आणि महिन्याभरात पुन्हा पडायचे. पलीकडच्या वस्तीतली आमची मुले त्या भगदाडातून येत. दप्तर आधी, मग मूल. मग डावीकडे पाहायचे, उजवीकडे पाहायचे आणि धावायचे. आम्ही वर्गात त्यांना रूळ ओलांडू नका म्हणून सांगत असू. आणि घाई असली की आम्ही स्वतःही त्याच भगदाडातून येत असू. हे आधीच कबूल केलेले बरे.

उर्दू माध्यमाच्या शाळेत दुपारच्या सत्राला आम्ही शिकवतो. सत्र साडेबाराला सुरू होई. बारा पंचवीसला गेट बंद. उशिरा येणाऱ्या मुलांना बाहेर उभे करायचे, वहीत नाव लिहायचे, तीन वेळा नाव आले की पालकांना बोलवायचे. हा नियम आमच्याच सूचनेवरून झाला होता आणि त्याची जबाबदारीही आमच्याकडे होती. नवे नवे बी.एड. होऊन आलो होतो, शिस्तीचा उत्साह होता. महिन्याभरात उशिरा येणारी मुले कमी झाली. मुख्याध्यापकांनी स्टाफ मीटिंगमध्ये आमची तारीफ केली. आम्हीही खूश झालो.

2019 सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. आठवीतला एक मुलगा त्या भगदाडातून आला आणि लोकलच्या धक्क्याने फेकला गेला. जीव वाचला, हा अल्लाहचा करम. उजवा पाय गुडघ्याखालून गेला. त्याचे नाव इथे लिहीत नाही. तो आता मोठा झाला आहे आणि आपली ओळख त्या अपघाताने व्हावी असे त्याला वाटत नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही रुग्णालयात गेलो. त्याची अम्मी कॉटजवळ तसबीह घेऊन बसली होती. काय बोलावे सुचेना, म्हणून शिक्षक बोलतो तेच बोललो, "बेटा, किती वेळा सांगितलं होतं, पुलावरून येत जा म्हणून."

तो म्हणाला, "सर, गेट बंद होणार होतं."

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. विचारले म्हणून कारण सांगितले, इतकेच. आम्ही मोसंब्यांची पिशवी खाली ठेवली आणि थोड्या वेळाने उठून आलो.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता आम्ही त्या भगदाडाजवळ जाऊन उभे राहिलो. त्याच्याच वर्गातली चार मुले आली. ज्या दोस्तासाठी आदल्या शुक्रवारी नमाजनंतर त्यांनी दुआ मागितली होती, त्याचा पाय जिथे गेला तिथूनच ती रूळ ओलांडून आली. आम्हाला पाहून ओशाळली. मागे मात्र फिरली नाहीत. बारा वीस झाले होते ना!

त्या दिवशी एक गोष्ट कळली. या मुलांना माहितीची कमतरता नाही. रूळ ओलांडणे धोक्याचे आहे हे त्यांना आमच्याहून चांगले ठाऊक आहे. 1989च्या रेल्वे कायद्याच्या 147व्या कलमाखाली हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हेही आम्ही फळ्यावर लिहून दिले होते. माणूस माहितीवर चालतो असे आम्ही बी.एड.ला शिकलो होतो. इथे तर मुले माहिती खिशात घालून रूळ ओलांडत होती.

या गोष्टीचा माग काढताना आम्ही वडाळ्यापर्यंत पोहोचलो. हार्बर मार्गावरच्या वडाळ्याला 2009च्या अखेरीस मध्य रेल्वेबरोबर एक प्रयोग झाला होता. तो करणारी फायनल माईल ही मुंबईचीच संस्था. बिजू डॉमिनिक आणि राम प्रसाद यांनी ती 2007च्या सुमारास सुरू केली होती. लोक रुळांवर का मरतात, हा प्रश्न त्यांनी वेगळ्या तऱ्हेने विचारला. लोक बेपर्वा आहेत असे धरून न चालता, धावत येणारी गाडी दिसत असूनही माणसाचा अंदाज का चुकतो, हे त्यांनी पाहिले.

त्यातून तीन साधे उपाय निघाले. पहिला पिवळ्या रंगाचा. मोठी वस्तू आपल्याकडे येत असेल तर ती आहे त्याहून हळू येते आहे असे आपल्या डोळ्यांना वाटते. गाडीच्या वेगाचा अंदाज यावा म्हणून काही काही अंतरावरचे स्लीपर पिवळे रंगवले. गाडी एकामागून एक पिवळे पट्टे गिळत येताना दिसली की तिचा वेग कळतो. दुसरा उपाय शिटीचा. एक लांब शिटी वाजवण्याऐवजी मोटरमनने दोन तुटक शिट्या द्यायच्या. दोन आवाजांच्या मधली शांतता मेंदूला जागे करते. त्यासाठी थोडे अलीकडे मोटरमनला दिसेल अशी पाटी लावली. तिसरा उपाय फोटोचा. सूचनाफलकावर काड्यांच्या माणसाचे चित्र असते, त्याने कोणाला भीती वाटत नाही. त्याऐवजी गाडीखाली सापडणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याचे तीन फोटो ओळीने लावले. एका नटाने ती भीती चेहऱ्यावर आणली होती. दुसऱ्याच्या चेहऱ्यावरची भीती पाहिली की पाहणाऱ्याच्या पोटातही गोळा येतो, विचार करण्याच्या आधीच.

पुढच्या महिन्यांत वडाळ्याला रुळांवरचे मृत्यू बरेच कमी झाल्याचे वर्तमानपत्रांनी छापले आणि रेल्वेने हा उपाय आणखी ठिकाणी नेण्याचे ठरवले. भाषण नाही, दंड नाही, पोलीस नाही. रंगाचे डबे आणि एक पाटी.

या विद्येला बिहेविअरल डिझाइन म्हणतात. मराठीत वर्तनाची रचना म्हणता येईल. माणूस जसा असायला हवा तसा नव्हे, तर जसा आहे तसा धरून, त्याच्या आसपासची वस्तू, वेळ, फॉर्म, रस्ता अशा रीतीने मांडायचा की बरी गोष्ट करणे सोपे जावे. तिच्या मागे मानसशास्त्र आहे आणि अर्थशास्त्रही. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल काहनमन यांना 2002 साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. रिचर्ड थेलर यांना 2017 साली. थेलर यांनी कॅस सनस्टीन यांच्याबरोबर 2008 साली 'नज' नावाचे पुस्तक लिहिले. नज म्हणजे शेजाऱ्याला कोपराने हळूच ढोसणे. आपल्याकडेही 2018-19च्या केंद्र सरकारच्या आर्थिक पाहणीत या विषयावर पूर्ण एक प्रकरण होते.

वाचताना आम्हाला वाटले, हे तर आपण रोज पाहतो. मशिदीत जमिनीवर सफच्या रेषा आखलेल्या असतात. कोणी हात धरून उभे करत नाही, तरी कोट्यधीश आणि हमाल एका रेषेवर टाच लावून उभे राहतात. जकातीला निसाब ठरलेला, मुदत एका वर्षाची, हिस्सा चाळीसातला एक. दर वर्षी नव्याने विचार करायचा नाही, मन कच्चे पडायला वाव नाही. आणि वजूखान्यात उलट पाहा. हदीस सांगते की वाहत्या नदीकाठीही पाणी वाया घालवू नका, आणि आपण नळ सोडून शेजाऱ्याशी गप्पा मारत वजू करतो. तिथे कोणी नळ बदलला तर जुम्याच्या दहा तकरीरींचे काम होईल.

मग आम्ही आमच्या गेटकडे वळलो. गोष्ट सोपी होती, दिसत मात्र नव्हती. पुलावरून यायला भगदाडापेक्षा नऊ मिनिटे जास्त लागतात. हे आम्ही घड्याळ लावून चालून पाहिले. पलीकडच्या वस्तीत पाणी अकरा वाजता येते, मुले पाणी भरून निघतात. म्हणजे बारा पंचवीसला बंद होणारे गेट आणि अकराला येणारे पाणी या दोहोंच्या मधे ती नऊ मिनिटे कुठेच बसत नव्हती. मुलांना भगदाडाकडे आम्हीच ढोसले होते. आमचा नियम ही देखील एक रचनाच होती, फक्त तिचे नाव आम्ही शिस्त ठेवले होते.

मुख्याध्यापकांना हे सांगायला आम्हाला पंधरा दिवस लागले. आपली तारीफ झालेली गोष्ट आपणच खोटी पाडायची, हे सोपे नसते. ते ऐकून घेऊन म्हणाले, "नियम ढिला केला की सगळे उशिरा येतील, लिहून ठेवा."

आम्ही म्हणालो, "सर, एक महिना करून पाहू या."

पहिली वीस मिनिटे अवांतर वाचनाची ठेवली. गेट पाऊण वाजेपर्यंत उघडे. वहीत नाव लिहिणे बंद. वाचनाच्या तासाला जो लवकर येईल त्याला पुस्तक निवडायला मिळेल, उशिरा येणाऱ्याने उरलेले घ्यायचे. आणि पलीकडच्या मुलांच्या चार टोळ्या केल्या. प्रत्येक टोळीने नाक्यावर जमायचे आणि पुलावरून एकत्र यायचे. एकटे मूल धावते, चार मुले गप्पा मारत चालतात. भगदाडातून येणारी मुले संपली नाहीत, पण आम्ही दुपारी तिथे उभे राहून मोजत होतो आणि आकडा आठवड्यागणिक उतरत होता. उशीरही वाढला नाही. मुख्याध्यापकांनी पुढे काही म्हटले नाही, आणि जुना नियम परत आणला नाही.

इथून आम्हाला वेड लागले. नोकरी सोडून हेच काम करावे असे मनाने घेतले. लॉकडाऊनच्या काळात ऑनलाइन वर्गांनंतर रात्री वाचत बसत असू. पवईच्या आयआयटीत 1969 साली सुरू झालेले इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर आमच्या शाळेपासून किती जवळ आहे! तिथल्या पदव्युत्तर डिझाइनच्या शिक्षणासाठी सीड नावाची प्रवेशपरीक्षा असते आणि तिला वयाची अट नाही, हे कळल्यावर आम्ही कागद-पेन्सिल घेऊन चित्रे काढायला बसलो. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत मानसशास्त्र शिकवतात, तेही पाहून आलो. फायनल माईल 2018 साली फ्रॅक्टल या कंपनीने घेतली होती, तिचे ऑफिस गोरेगावला. म्हणजे हा धंदा न्यूयॉर्क-लंडनचा नव्हता. आमच्या उपनगरांतच, एका लोकलच्या अंतरावर होता.

अम्मीला सांगितले तेव्हा ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मास्तरकी सोडून काय करणार म्हणालास?"

आम्ही समजावून सांगितले.

ती म्हणाली, "लोकांना न सांगता त्यांच्याकडून काम करून घ्यायचं. ते तर आया करतातच. त्याचे पैसे देतात?"

पत्नीचा प्रश्न वेगळा होता. दर महिन्याच्या पगाराचे काय? आम्ही 1 नोव्हेंबर 2005 नंतर नोकरीला लागलेले, जुन्या पेन्शनवाले नव्हे. म्हणजे सोडायलाही फार नाही आणि सोडण्याइतके धाडसही नाही, अशी आमच्या पिढीतल्या शिक्षकांची गत. तरी ती म्हणाली, "एकदा जाऊन तर बघा. मग मला म्हणू नका की तुझ्यामुळे राहिलं."

अंधेरीच्या एका कंपनीत बोलावणे आले. एमआयडीसीतली काचेची इमारत, मेट्रोने घाटकोपरहून थेट. समोर बसलेली मुले आमच्याहून दहा वर्षांनी लहान आणि अदबीने वागणारी. वडाळ्याची गोष्ट त्यांनाही ठाऊक होती. आमच्या गेटची गोष्ट त्यांनी मन लावून ऐकली, एकाने वहीत लिहून घेतली. मग त्यांनी एक नमुन्याचे काम दिले. मोबाईलवरून झटपट कर्ज देणारे एक अ‍ॅप आहे. अर्ज भरता भरता बरेच लोक शेवटच्या पायरीला व्याजदर पाहून परत जातात. त्यांनी परत जाऊ नये यासाठी पडदा कसा रचाल?

उत्तर आम्हाला लगेच सुचले, हे सांगायलाच हवे. व्याजाचा आकडा लहान अक्षरांत खाली न्यायचा. 'नको' या बटणाचा रंग फिका करायचा. 'आज इतक्या लोकांनी घेतले' असे वर लिहायचे. पेन्सिल हातात होती. आणि आम्हाला ती शेवटची पायरी आठवत राहिली, जिथे माणूस थांबतो. गाडी येताना पाहून थांबणारा माणूस आणि व्याज पाहून थांबणारा माणूस, दोघांचे थांबणे सारखेच शहाणपणाचे. वडाळ्याच्या लोकांनी माणसाला थांबायला मदत केली होती. इथे थांबलेल्याला रुळांवर ढकलायचे होते. सूद हराम आहे हा विचार मनात आला, नाही असे नाही. पण मुसलमान नसतो तरी त्या पेन्सिलने आम्ही ते चित्र काढले नसते असे वाटते. आमच्या वस्तीत अशा कर्जांच्या वसुलीचे फोन कसे येतात ते आम्ही ऐकलेले आहे. चहा घेऊन, शुक्रिया म्हणून आम्ही उठलो.

हे सगळ्या धंद्यावर लादणे अन्यायाचे होईल. चांगले काम करणारे खूप आहेत. अशा लबाड रचनांना डार्क पॅटर्न म्हणतात आणि भारत सरकारने 30 नोव्हेंबर 2023ला त्यांचे तेरा प्रकार नावानिशी सांगून त्यांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. सुरी तीच, कांदा कापायचा की खिसा, हे धरणाऱ्यावर. आपल्याकडे अमलाची किंमत नियतीवरून, म्हणजे नीयतीवरून ठरते. या विद्येत तर नीयत हीच अर्धी विद्या आहे, कारण समोरच्याला आपण ढोसले गेलो हे कळतही नाही.

आणखी एक मर्यादा सांगायला हवी. 9 जून 2025ला मुंब्र्याजवळच्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकणारे प्रवासी घासून खाली पडले. त्या दिवशी चार माणसे गेली. तिथे कोणता रंग लावणार? गाडीत जागा नसेल तर माणूस दारातच लटकणार. मुंबईच्या लोकल मार्गांवर काही वर्षांपूर्वी दर साल साडेतीन हजारांच्या आसपास माणसे मरत. आज आकडा उतरला आहे, तरी तो हजारांतच आहे. पिवळे स्लीपर हवेत, पण पुलाच्या ऐवजी नकोत. 'या लोकांना शिस्तच नाही' हे वाक्य आमच्या वस्त्यांबद्दल आम्ही इतके ऐकले आहे, की वर्तन सुधारण्याची भाषा कानावर आली की आधी पाण्याची वेळ आणि पुलाची लांबी विचारावीशी वाटते.

मग आपल्या मुलांनी या वाटेला जाऊ नये का? आम्हाला उलट वाटते. पोलिओची गोष्ट आठवा. पश्चिम उत्तर प्रदेशातल्या मुस्लिम मोहल्ल्यांत डोसाविषयी अफवा होत्या, दारे बंद होत होती. नुसत्या जाहिरातींनी ती उघडली नाहीत. त्याच मोहल्ल्यांतल्या बाया घरोघर गेल्या, मशिदींतून एलान झाले, अलिगढ आणि जामिया मिल्लियासारखी विद्यापीठे सोबत आली. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी 2011मध्ये सापडला आणि मार्च 2014मध्ये भारत पोलिओमुक्त ठरला. दार का बंद आहे हे दाराच्या आतल्या माणसाला कळते. आमची मुले या विद्येत गेली नाहीत तर आमच्यावर प्रयोग होत राहतील आणि वही कायम दुसऱ्याच्याच हातात राहील. दहावीनंतर आमच्या मुलांना डॉक्टर, इंजिनीअर, डी.एड., आयटीआय यांपलीकडची दारे कोणी दाखवत नाही. हे एक दार आहे. मानसशास्त्र, अर्थशास्त्र, डिझाइन, कुठूनही शिरता येते. बारावीनंतर कोणत्याही शाखेच्या मुलाला यूसीडची परीक्षा देऊन आयआयटीच्या डिझाइनला जाता येते, हे आमच्याच स्टाफरूममध्ये कोणाला माहीत नव्हते.

आम्ही नोकरी सोडली नाही. याला कोणी हार म्हणेल, आम्हीही काही रात्री म्हणतो. सीडच्या सरावाची चित्रे अजून कपाटात आहेत, फेकवत नाहीत. पण शनिवारी शाळा सुटल्यावर नववीची काही मुले-मुली थांबतात आणि आम्ही शाळेतलीच एखादी गोष्ट मोजायला घेतो. गेल्या वर्षी मुलींनी पिण्याच्या पाण्याचे नळ मोजले. कोणता नळ उघडा राहतो, किती वेळ, का. एका मुलीने शोधून काढले की जो नळ उघडा राहतो त्याची चावी लहान मुलांच्या हाताला पोहोचतच नाही. मोठी मुले उघडतात, लहानांना बंद करता येत नाही. आम्ही तीन वर्षे त्या लहानांना रागावत होतो.

तो मुलगा दहावी झाला, बारावी झाला. आता बी.ए.ला आहे आणि मानसशास्त्र घेतले आहे. आम्ही सुचवले नव्हते. कृत्रिम पाय लावून अधूनमधून शनिवारी येतो आणि मुलांबरोबर मोजायला बसतो. भगदाड आता बुजवले आहे, निदान हे लिहीपर्यंत तरी. तो पुलावरून येतो. जिने चढता-उतरता त्याला नऊच्या जागी सतरा मिनिटे जास्त लागतात. एकदा आम्ही म्हणालो, "घाई करू नकोस, आम्ही थांबतो."

तो म्हणाला, "माहीत आहे सर."